साडेतीनशे जरूर घ्या, पण पावतीवरची ती ओळ काढा

प्रश्न : लातूरला गंजगोलाईजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. औसा, निलंग्याची पोरं जुने लॅपटॉप घेऊन येतात. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली), व्हीएलसी (व्हिडिओ पाहायला), गिंप (फोटो सुधारायला) असं सगळं पेनड्राइव्हवर भरून मी साडेतीनशे रुपयांना देतो. परवा एका पालकांनी भर दुकानात सुनावलं, "नेटवर फुकट मिळतं त्याचे पैसे घेता? हा गुन्हा आहे." खरंच गुन्हा आहे का? आणि पावतीवर ‘कॉपी करून दुसऱ्याला देऊ नये’ असं छापलंय, ते चालतं ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गुन्हा अजिबात नाही. तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रोग्राम जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) परवान्याखाली येतात; हा परवाना प्रोग्राम वापरायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक सगळ्यांना देतो. प्रत देण्याचे पैसे घ्यायला या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतही मुभा होती, आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर वाटेल ती किंमत घ्या किंवा काहीच घेऊ नका, असं सरळ लिहिलंय. हा परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या आपल्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामची टेप १५० डॉलरला पाठवायचे. मीही नांदेडला हेच काम करतो आणि मजुरी घेतो. खेड्यात रेंज नसताना काही जीबी डाउनलोड करून, तपासून, चालू करून देणं हे कष्टाचं काम आहे, त्याचा मोबदला मागताना मान खाली घालू नका.

पावतीवरची ती ओळ मात्र आजच काढा. तुम्हाला प्रत देण्याचा हक्क ज्या परवान्यानं दिला, त्यानंच तो तुमच्या गिऱ्हाइकालाही दिलाय. निलंग्याच्या पोरानं तोच पेनड्राइव्ह वसतिगृहात दहा जणांना फुकट वाटला, किंवा शंभर रुपयांना विकला, तरी तुम्हाला अडवता येत नाही. आपल्याकडून जादा अट घातली की परवान्याचा भंग तुमच्याकडून होतो. तुमचा धंदा थोडा बुडेल, हे मला कळतं. पण ज्या पोराकडे साडेतीनशे नाहीत, त्याच्यापर्यंतही हे या परवान्यामुळेच पोहोचू शकतं, आणि मला ते मनापासून पटतं. पावतीवर ‘पेनड्राइव्ह, प्रत व मजुरी’ लिहा. ‘लायसन्स फी’ लिहू नका, वापरण्याच्या हक्काचे पैसे घेता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बहुतेक दुकानांत तीच राहून जाते. विकत देताना सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूरही, द्यावा लागतो. तो त्याच पेनड्राइव्हवर टाका. जागा नसेल तर ‘मागितल्यास तीन वर्षांपर्यंत सोर्स कोड मिळेल’ अशी लेखी हमी पावतीबरोबर द्या. त्याचे पैसे कॉपी करून पोहोचवण्याच्या खर्चाइतकेच घ्यायचे. प्रोग्रामच्या ज्या आवृत्तीची प्रत विकली, सोर्सही त्याच आवृत्तीचा हवा. म्हणून नवीन आवृत्ती उतरवाल तेव्हाच तिचा सोर्सही उतरवून दुकानातल्या हार्डडिस्कवर ठेवा. परवान्याचा मजकूरही पेनड्राइव्हवर असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी सुनावलं तर तोच उघडून दाखवता येईल.