वाचकांचे प्रश्न : शंभर-दीडशेची नाणी आणि ऑनलाइन लिलाव

प्रश्न : वडिलांनी हौसेने जमवलेली नाणी आता माझ्याकडे आली आहेत. त्यांत बडोदे संस्थानचे तांब्याचे चाळीसएक पैसे, मधे भोक असलेले ब्रिटिश काळातले पैसे आणि पुष्कळसे नये पैसे आहेत. एका दुकानदाराने सगळ्यांची मिळून जी किंमत सांगितली ती मनाला पटली नाही. मुलगा म्हणतो, ऑनलाइन लिलावात टाका. एकेक नाणे शंभर-दीडशेचेच असेल तर एवढा खटाटोप परवडेल का? आणि त्याआधी नाणी चिंचेने उजळून घ्यावीत का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी चिंचेविषयी, कारण ती चूक नंतर दुरुस्त होत नाही. नाणी कृपा करून उजळू नका. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. संग्राहक त्याच थरासाठी पैसे मोजतो. चिंचेने तो निघून गेला की नाणे गुलाबीसर दिसू लागते आणि जाणकाराला ते फोटोतही कळते. माती चिकटलेली असेल तर नाणे डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवून मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे. एका नाण्याला टपालखर्च आणि वेष्टन जेवढे लागते, जवळजवळ तेवढ्यातच दहा नाणी जातात. म्हणून स्वस्त नाणी सुटी न विकता त्यांचे लॉट, म्हणजे एकत्र विकायचे गट, करावेत. मात्र ते मूठभरून केलेले नसावेत, विचार करून लावलेले असावेत. सयाजीराव तिसरे यांच्या काळातल्या आपल्या पैशांवर घोड्याचा खूर आणि तलवार असते आणि साल विक्रम संवतात दिलेले असते. संवत १९४८ असेल तर त्यातून ५७ वजा करावेत, म्हणजे सन १८९१ येते. एकाच संवताचे दहा पैसे घेणाऱ्यापेक्षा चार वेगवेगळ्या संवतांचे चार पैसे घेणारा लवकर मिळतो, कारण त्याला संग्रहातली रिकामी जागा भरायची असते. नये पैसेही साल आणि टाकसाळ पाहून लावावेत : सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईचे, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे.

फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, करड्या कागदावर नाणे ठेवून काढावेत आणि दोन्ही बाजूंचे काढावेत. उजेड वरून सरळ पडला तर झिजलेला पैसा नुसती तांबडी चकती दिसतो. तोच उजेड तिरका पडू दिला की खुराची कड आणि तलवारीचा बाक उठून दिसतो. मात्र कडेला पडलेली खोच किंवा अर्धवट पुसलेले अक्षर झाकले जाईल असा कोन घेऊ नये. दोष आपणच आधी लिहावेत आणि छोट्या काट्यावर केलेले वजनही द्यावे. शंभर रुपयांच्या नाण्यासाठी कोणी तज्ज्ञाकडे जात नाही. ग्राहक आपण लिहिलेल्या चार ओळींवर विसंबून बोली लावतो. पहिल्या व्यवहारात त्या ओळी खऱ्या निघाल्या की पुढच्या लॉटला तोच माणूस परत येतो, आणि स्वस्त नाण्यांची विक्री अशाच परत येणाऱ्या ग्राहकांवर चालते, असे माझे ठाम मत आहे.

बोलीची सुरुवात एक रुपयाने करावी असे पुष्कळजण सुचवतात. बोली लावणारे भरपूर असतील तिथे ते ठीक आहे. लहान ऑनलाइन गटात बोली लावणारे दोघेतिघेच असतात आणि लॉट कवडीमोलाने जातो. ज्या किमतीला देऊन पुढे हळहळ वाटणार नाही, तिथूनच सुरुवात करावी. अंदाजासाठी संपलेल्या लिलावांतल्या अंतिम बोली पाहाव्यात. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहून काही कळत नाही, आणि वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात अशा जाहिराती तर सरळ फसवणूक आहेत. जुनी नाणी आपण खरेदी करत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्कही मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की व्यवहार तिथेच थांबवावा.

परदेशातून बोली आली तर बडोद्याचे पैसे देऊ नयेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अशा वस्तू विकण्याचा व्यवसाय करायचा असेल तर देशातही परवाना लागतो. म्हणून वडिलांचा संग्रह विकून झाल्यावर बाहेरून जुनी नाणी घेऊन विकण्याचा विचार असल्यास आधी कायदेशीर सल्ला घ्यावा.

पाठवताना प्रत्येक नाणे पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घालून तो होल्डर जाड पुठ्ठ्याला चिकटवावा. पाकिटात नाणे खुळखुळले तर आत काय आहे ते वाटेत सगळ्यांना कळते आणि पाकीटही फाटते. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी. अक्षर, साल काहीच वाचता येत नाही असे पैसे मागे उरतील, त्यांचे लॉट लावत बसू नये. ते आपल्या त्या दुकानदारालाच द्यावेत, आणि त्यांच्यापुरती त्याने सांगितलेली किंमत बहुधा रास्त असेल.