टँकमध्ये तासभर तरंगून नेमकं काय कळतं?

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत आयटीत आहे, रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्येच जातात. मित्र म्हणतो फ्लोट टँकमध्ये जा, स्वतःची ओळख होते. नुसतं पाण्यात पडून काय होणार? आणि मला पोहता येत नाही.

पोहायचं आधी सांगते, फ्लोट टँक म्हणजे झाकण असलेली बंद, अंधारी टाकी, तिच्यात पाणी जेमतेम फूटभर असतं आणि त्यात चार-पाचशे किलो एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं असतं, त्यामुळे उताणं पडलं की अंग आपोआप वर राहतं. पाणी साधारण 34-35 अंशांवर, त्वचेइतकंच कोमट, म्हणून थोड्या वेळाने आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळेनासं होतं. अंधार, आवाज नाही, तोल सांभाळायचा नाही. मग ऐकू काय येतं तर आपला श्वास, छातीची धडधड, आणि दिवसभर बाजूला ढकललेले विचार. पहिली पंधरा-वीस मिनिटं ईएमआय, अप्रेजल, नाकाला खाज हेच चालतं, ते चालू द्या.

माझं सांगते, पहिल्या सेशनला मी फक्त कामांची यादी केली, पण दुसऱ्या वेळी लक्षात आलं की माझा जबडा घट्ट आवळलेला आहे, आणि मग पुढचे कित्येक दिवस मला दिसत राहिलं की एका ठराविक माणसाचा फोन आला की तो तसाच आवळला जातो. इतकी वर्षं मी त्याला दातांचं दुखणं समजत होते! स्वतःची ओळख म्हणतात ती मला अशी छोट्या गोष्टींतून झाली, आणि ती टँकबाहेर आल्यावर जास्त झाली. म्हणून बाहेर आल्यावर अर्धा तास फोन बंदच ठेवा, चहा घ्या, दोन-तीन ओळी लिहून काढा, मग गाडीला किल्ली लावा.

प्रश्न: मी 61 वर्षांची, सहकारनगरला राहते. दादावाडीच्या केंद्रात विपश्यना शिकले, रोज बसते. हे त्याचंच महागडं रूप नाही का?

काकू, याचा उगम वेगळा आहे. 1954 मध्ये अमेरिकेत जॉन लिली नावाच्या डॉक्टरांना बघायचं होतं की बाहेरून प्रकाश, आवाज काहीच आलं नाही तर मेंदू झोपी जातो का, त्यासाठी त्यांनी असा टँक बनवला, आणि मेंदू जागाच राहतो हे दिसलं. विपश्यनेत मेहनत तुमची असते, इथे खोली शांत करून मिळते एवढंच. तुमची बैठक पक्की आहे, तुम्हाला टँकची गरज मला तरी वाटत नाही. हां, गुडघे-कंबर दुखून बसवत नसेल तर मात्र एकदा जरूर जा, अंगावरचा भार उतरल्यावर लक्ष दुखण्यापासून सुटतं.

प्रश्न: सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. झोप नाही, छातीत धडधड, अँक्झायटीच्या गोळ्या चालू आहेत. फ्लोटिंग सुरू करून गोळ्या बंद करू का?

नाही रे बाळा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नकोस. 2018 मध्ये अमेरिकेत तुलसा शहरातल्या संशोधकांनी अँक्झायटी असलेल्या 50 जणांना तासभर फ्लोट करायला लावलं, लगेच नंतर त्यांची बेचैनी बरीच कमी झाली होती. पण तो एका सेशनचा, त्या वेळेपुरता परिणाम होता, त्याच्या जोरावर उपचार सोडायचे नसतात. आणि मेसचे पैसे तर यात घालूच नकोस. रात्री दिवा बंद कर, कानात इअरप्लग घाल, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि वीस मिनिटं शवासनात पड, सुरुवात त्याने होते. धडधड वाढली तर उठून बस, आणि डॉक्टरांना पुढच्या वेळी हेही सांग.

प्रश्न: बंद जागेत जीव घाबरतो. आणि मीठ झोंबतं का?

झाकण उघडं आणि दिवा चालू ठेवून पण फ्लोट करता येतं, बुक करतानाच विचारून घ्या. त्या दिवशी शेव्हिंग-वॅक्सिंग नको, बारीक ओरखड्यावर व्हॅसलीन लावा, ओला हात डोळ्याला लावू नका. उघडी जखम, फिट्सचा त्रास किंवा केस नुकतेच रंगवले असतील तर जाऊ नका. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपी लो राहत असेल तर संपल्यावर आधी उठून बसा, मिनिटभर थांबा, मग कडेला धरून उभे राहा.