शेजारचा उपवास आणि परत आलेली खिचडी

प्रश्न : शेजारी नुकतेच एक जैन कुटुंब राहायला आले आहे. गणपतीत त्या काकूंना उपवास आहे असे कळल्यावर सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. काकूंनी हात जोडले आणि डबा तसाच परत केला. आरतीला येतात, पण तीर्थ-प्रसाद घेत नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘आपल्या घरचं चालत नाही त्यांना.’ आता जेवायला बोलवावे का?
— एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जरूर बोलवा. सासूबाईंनी मायेनेच खिचडी नेली होती, पण आपल्या उपासाला जे चालते, तेच नेमके त्यांना चालत नाही. बटाटा, रताळे हे कंद आणि साबुदाणाही टॅपिओकाच्या कंदाचा. कंदात अनंत जीव असतात असे जैन मानतात आणि तो उपटला की झाडच जाते, म्हणून कंदमूळ वर्ज्य. शिवाय जैन उपवासाला फराळ नसतोच. कोणी पाण्याचा थेंबही घेत नाही, कोणी फक्त उकळलेले पाणी घेते, कोणी दिवसातून एकदाच जेवते. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी हे दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व. म्हणजे आपल्याकडे मोदकांची धांदल असते, तेव्हाच त्यांचे सर्वांत कडक दिवस चालू असतात.

तीर्थाचेही तसेच. पंचामृतात मध पडतो आणि मध त्यांना निषिद्ध आहे. रात्रीच्या आरतीचा प्रसाद सूर्यास्तानंतर हातात येतो, तेव्हा त्यांचे खाणे बंद झालेले असते. खडीसाखर-खोबरे पुडीत बांधून द्या, सकाळी घेतील.

जेवण अनंत चतुर्दशीनंतर ठेवा आणि दुपारी ठेवा. संध्याकाळच हवी असेल, तर पाने साडेपाचला मांडा. या दिवसांत सांगलीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नैवेद्याच्या स्वयंपाकात आपणही कांदा-लसूण घालत नाही, त्यामुळे निम्मे काम झालेलेच आहे. आले, गाजर, मुळा, बीट वगळा. सुंठ आणि हळद वाळलेली असल्याने बहुतेकांना चालते. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी करा. डाळ आणि कच्चे दही एकत्र नको, म्हणून दहीवडा टाळा. उकडीचे मोदक बिनधास्त करा. पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळून उकळा. जुन्या वळणाच्या घरांत गाळल्यावर ते फडके उलटे धुऊन ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडतात, अडकलेला जीव आपल्या ठिकाणी परत जावा म्हणून. आमच्या मते तो नेम समजायला एवढी एक कृती पुरे.

तरीही आदल्या दिवशी काकूंना विचाराच, ‘तुमचा कोणता नेम आहे?’ घरागणिक, माणसागणिक नेम वेगळे असतात. भांडी वेगळी हवीत असे त्या म्हणाल्या, तर तो तुमच्या घराचा अपमान समजू नका. ज्या भांड्यात मांसाहार शिजतो ते त्यांना चालत नाही, एवढेच.

प्रश्न : आमच्या रस्त्याने दिगंबर मुनिमहाराजांचा विहार, म्हणजे पायी प्रवास, जातो. मुले हसतात. मुलांना घरात घ्यावे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : घरात घेऊ नका, आधी समजावून सांगा. कपडा ठेवला की धुणे आले, शिवणे आले, कोणाकडे तरी मागणे आले. म्हणून अपरिग्रहाच्या, म्हणजे काहीही जवळ न बाळगण्याच्या व्रतात तोही सोडलेला असतो. हातातली पिंछी मोरांनी आपोआप टाकलेल्या पिसांची असते. बसण्याआधी जागा तिने हळुवार झाडतात. कमंडलूतले पाणी शुद्धीसाठी असते, पिण्यासाठी नाही. मुनी पुढची चार हात जमीन पाहत अनवाणी चालतात, म्हणून विहार उजेडातच होतो. मुलांना ती नजर आणि पिंछी दाखवा, हसू आपोआप थांबेल.

गाडीवर असाल तर वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका. न विचारता फोटो काढू नका, पायांना हात लावायला धावू नका; स्त्रियांनी काही हात अंतरावरूनच नमस्कार करायचा असतो. शेजारच्या घरी मुनींचा आहार, म्हणजे जेवण असेल, तर त्या वेळी दार वाजवू नका. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत जेवतात. घासात केस किंवा मुंगी निघाली की ओंजळ सुटते, त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. त्या अर्ध्या तासात त्या घरची माणसे इतकी गप्प का असतात, ते यावरून कळेल.