एक नोव्हेंबर आणि बाबांचा सातबारा

तुझा मेल दोनदा वाचला. साताऱ्यात बारावी, सीबीएसई, सॅट या अमेरिकन प्रवेशपरीक्षेत 1510, वर्षाला घरातून बारा लाखांपलीकडे निघणार नाहीत. आणि तुला विचारायचंय एवढंच, की अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाला अर्ली डिसिजन टाकू का, कारण तिथे अर्लीत घेण्याचं प्रमाण रेग्युलरपेक्षा, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीपेक्षा, बरंच जास्त दिसतं.

माझं उत्तर आधी सांगते: नको. आता का ते ऐक. हे मी 2016 साली स्वतः करून बसले आहे.

अर्ली डिसिजन, म्हणजे सगळे म्हणतात ती ईडी (छापे टाकणारी वेगळी, पण आमच्या बाबांच्या पोटात नाव ऐकूनच गोळा आला होता), ही बांधून घेणारी गोष्ट आहे. अर्ज बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरला, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. घेतलं तर तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर तुझी, आईबाबांपैकी एकाची आणि शाळेची अशा तीन सह्या लागतात. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला भाऊबीज होती, कोल्हापुरात शाळेला दिवाळीची सुट्टी. मी प्रिन्सिपल मॅडमच्या घरी फराळाचा डबा आणि लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे स्टॅम्प पेपरवर नाही का करायचं?" मला हसू आलं. पण कागदाचं वजन माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळलं होतं.

आता आकड्यांचं. अर्लीच्या गठ्ठ्यात कोण असतं ते बघ. प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू, बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं, आणि पैशाची चिंता नसलेली घरं. त्यांच्यामुळे टक्केवारी फुगते. नक्की येणारं पोर कॉलेजला हवंच असतं, म्हणून थोडा फायदा खरा आहे. पण तू जो दुप्पट-तिप्पट बघतेस तो सगळा तुझ्या वाट्याचा नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टननी 2006 मध्ये अर्ली बंदच करायचं ठरवलं होतं, कारण त्याचा लाभ सधन मुलांनाच होतो हे त्यांनाही दिसत होतं. 2011 मध्ये परत आणलं, ते न बांधणाऱ्या स्वरूपात.

तुझ्या बाबतीत खरा प्रश्न पैशाचा आहे. कॉर्नेल, पेन, कोलंबिया परदेशी विद्यार्थ्याला घेताना तो पैशाची किती मदत मागतोय हे बघतात. खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास, तुझे बारा लाख म्हणजे त्यातले साधारण तेरा हजार. उरलेलं कॉलेजने द्यायचं. एखादा कन्सल्टंट तुला सांगेल, "आत्ता मदत मागू नकोस, आत गेल्यावर माग." अजिबात ऐकू नकोस. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी मुलाने अर्जात मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं ती मागता येत नाही.

माझं काय झालं? मला घेतलं. निकाल आपल्या पहाटे साडेतीनला उघडला, आई देवापुढे, बाबा मोबाइलचा टॉर्च धरून उभे. (लाइट गेली नव्हती, उगाचच.) मग मदतीचं पत्र उघडलं. आमच्या अंदाजापेक्षा वर्षाला अठरा हजार डॉलर कमी. कारण सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मदतीसाठी भरायच्या घरच्या उत्पन्न-मालमत्तेच्या फॉर्ममध्ये, बाबांनी प्रामाणिकपणे सगळी अडीच एकर लिहिली होती. सातबाऱ्यावर आजोबांसह दोन्ही काकांची नावं आहेत, त्यातला आमचा वाटा किती, ऊस गेल्यावर हातात काय राहतं, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. कॉलेजात मदत ठरवणाऱ्या बाईंच्या हिशेबात ती विकता येण्याजोगी मालमत्ता होती. बाबा जेवताना म्हणाले, "वीस गुंठे काढू." काका ताटावरून उठले.

मी फेरविचाराची विनंती केली, थोडं वाढवून आलं, पण पुरेसं नाही. मदत परवडण्याजोगी नसेल तर ईडीतून सुटता येतं, तशी मी सुटले. हे सगळं होईपर्यंत 20 डिसेंबर उजाडला आणि रेग्युलरच्या तारखा 1 जानेवारीपासून. माझा दुसरा एकही अर्ज तयार नव्हता. बारा दिवसांत सहा अर्ज केले, त्यातले चार वाईट होते. ज्या छोट्या कॉलेजला शेवटी कंटाळून टाकलं, त्यानेच जवळपास सगळा खर्च उचलला. हे नशीब होतं, माझी हुशारी नव्हे.

म्हणून तुझ्यासाठी दोनच वाटा मला दिसतात. परदेशी मुलाची पैशाची गरज न बघता निवड करणारी आणि मग ती पूर्ण भागवणारी कॉलेजं माझ्या वेळी जेमतेम पाच होती: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट. पुढे डार्टमथ, बोडन, ब्राउन अशी काही वाढली. येल किंवा प्रिन्स्टनला अर्ली टाकलंस तर बांधिलकी नाही. फक्त त्याच वेळी दुसऱ्या खासगी अमेरिकन कॉलेजला अर्ली टाकता येत नाही. भारतातल्या प्रवेशांना त्याची आडकाठी नाही, तेव्हा जेईई दे खुशाल. किंवा अ‍ॅमहर्स्ट, बोडन यांपैकी एखादं मनापासून पहिल्या पसंतीचं असेल तर तिथे ईडी चालेल. पण गरज म्हणजे त्यांनी मोजलेली गरज, तू मोजलेली नव्हे. काही कॉलेजं ईडीआधी विचारलं तर मदतीचा ढोबळ अंदाज देतात, तो लेखी माग. वेबसाइटवरचे कॅल्क्युलेटर बहुधा अमेरिकन घरांसाठी असतात, त्यावर विसंबू नकोस.

काहीही ठरवलंस तरी बाकीचे पाच-सहा अर्ज 15 डिसेंबरच्या आत पुरे लिहून ठेव. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, त्यामुळे सह्यांसाठी माझ्यासारखी फराळाचा डबा घेऊन फिरणार नाहीस. सहामाहीचे मार्क मात्र शाळेकडून वेळेत मागून घे.

सीएसएस 1 ऑक्टोबरच्या सुमारास उघडतं. त्याआधी बाबांचे दोन वर्षांचे आयटीआर आणि सातबारा काढून ठेव, आणि जमीन नेमकी कोणाकोणाच्या नावावर आहे ते विचारून मला कळव. स्पष्टीकरणाच्या रकान्यात काय लिहायचं ते आपण रविवारी फोनवर बसून लिहू.