कामावर असताना दम लागतो, गावी गेलं की बरं वाटतं. नोकरी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या पेंट शॉपमध्ये लागून आठ महिने झाले, रात्री खोकल्याची ढास लागते, गणपतीत गावी गेल्यावर ती थांबली आणि डॉक्टर ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणतात.

दादा, राजीनामा लगेच देऊ नका. हा कामामुळे होणारा दमा असू शकतो, म्हणून आधी छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, तेही काम चालू असतानाच. काम सुटलं की पुरावाही सुटतो.

मी भोसरीत अकरा वर्षं स्प्रे गन मारली. मलाही खोकला यायचा तो रात्री एक-दोनला, त्यामुळे कामावर संशयच गेला नाही. दोन हिवाळे थंडीला दोष देण्यात गेले. पीयू (पॉलीयुरेथेन) पेंटच्या हार्डनरमध्ये, म्हणजे पेंट कडक व्हायला त्यात मिसळतात त्या द्रवात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी, घरी पोचल्यावर उठतो आणि वर्षानुवर्षं काही न होता एकदम सुरू होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी दम्याचं निदान झालं ते एका वहीमुळे. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात जाते ते मोजायचं छोटं यंत्र, घ्यायला लावलं. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा. शेजारी शिफ्ट, सुट्टी, पंप (इनहेलर) कधी घेतला तेही. असे चार आठवडे. आपली गुरुवारची एक सुट्टी छाती मोकळी व्हायला पुरत नाही, म्हणून मधे सलग रजा टाका. माझे कामावरचे आकडे ३३०च्या आसपास होते, रजेत ४६०पर्यंत गेले. सुट्टीत काढलेली स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल आली तरी दमा नाही असं धरू नका.

रोजचा स्टेरॉइडचा पंप मनाने बंद करू नका. पण पंप ओढत त्याच बूथमध्ये उभं राहणं हा इलाज नाही. एकदा शरीराला आयसोसायनेट बाधायला लागलं की अगदी थोडंसंही पुरतं, आणि एन-९५ मास्क त्याची वाफ अडवत नाही. निदान झालं की डॉक्टरांचं पत्र घेऊन पेंटपासून लांबचं काम मागा; मी डिस्पॅचला गेलो. जितक्या लवकर बाहेर पडाल तितकी छाती सुधारण्याची आशा जास्त. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथे हा आजार कामामुळे झाल्याची नोंद करायला सांगा.

उद्याच हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. आणि बोलताना वाक्य पुरं होईना इतका दम लागला, तर वही राहू द्या, थेट कॅज्युअल्टीत जा.