चारचौघांत गेलं की मी बदलतो, मी भित्रा आहे का?

प्रश्न : ताई, एकटा असताना मी ठाम असतो, काय बरोबर काय चूक ते मला कळतं. पण आमचा सात-आठ मित्रांचा ग्रुप आहे, तिथे गेलो की मी वेगळाच होतो. आमच्यातला एकजण बोलताना अडखळतो, सगळे त्याची नक्कल करतात, मला ते अजिबात पटत नाही आणि तरी मीही हसतो. रात्री त्याचा चेहरा आठवून त्रास होतो. मी मुळात भित्राच आहे का?

उत्तर : हे भित्रेपणाचं लेबल स्वतःला एवढ्यात लावू नका, कारण जे तुमचं होतं ते बहुतेकांचं होतं. १९५० च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीएवढी कुठली ते मोठ्याने सांगायचं, बस. नुसत्या नजरेला कळेल इतकं सोपं, पण बाकीचे सगळे अ‍ॅशने आधीच पढवून ठेवलेले आणि मधूनमधून ते सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर द्यायचे. ज्याची खरी परीक्षा त्याचा नंबर शेवटी-शेवटी यायचा. जवळपास ७५ टक्के मुलांनी एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळला. नंतर विचारलं तर काहींना खरंच स्वतःच्या नजरेवर शंका आली होती, आणि काहींना उत्तर माहीत होतं, फक्त सगळ्यांत वेगळं पडायचं नव्हतं. तुम्ही या दुसऱ्या गटातले.

आता तुमच्या ग्रुपबद्दल मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. १९६८ मध्ये लॅटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना फॉर्म भरायला बसवलं आणि खोलीत धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले, पण शेजारी दोन माणसं मुद्दाम शांत बसवली तेव्हा फक्त १० टक्के, बाकीचे धूर हाताने बाजूला करत फॉर्म भरत राहिले! म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा बघून ठरवतो की काही झालेलं नाही. तुमच्या ग्रुपमध्येही अजून एखाद्याला ते चिडवणं खुपत असणार असं मला वाटतं, पण तो बघतो तर तुम्ही हसताय, मग तोही हसतो, आणि तुम्ही त्याच्याकडे बघून हसता. ‘अरे गंमत चाललीय’ हे मला मान्य नाही, ज्याची नक्कल होते त्याला विचारा.

पण अ‍ॅशच्याच प्रयोगात एक फार चांगली गोष्ट सापडली. नुसता एक माणूस खरं उत्तर देणारा सोबत ठेवला, तर जिथे साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकत होती तिथे ती ५ टक्क्यांवर आली. म्हणून ग्रुपमध्ये बोलायच्या आधी ज्या मित्राशी तुमचं जास्त जमतं त्याला बाजूला घेऊन सांगा की मला हे आवडत नाही, तुला काय वाटतं. तो हो म्हणाला तर पुढच्या वेळी दोघांनी हसायचं नाही, एवढंच आधी करा. सगळ्यांसमोर भाषण देऊ नका, त्याने तो बिचारा पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतो. त्यापेक्षा तो अडखळला की ‘थांबा रे, त्याला पूर्ण बोलू दे’ म्हणा आणि थांबा, त्याचा शब्द त्याच्यासाठी तुम्ही पूर्ण करू नका, बहुतेकांना तेही नको असतं. आणि हे सगळं सुरू करण्याआधी त्यालाच एकट्याला गाठून विचारा की मी काय केलेलं तुला चालेल, कारण त्याला कदाचित तुम्ही मध्ये बोलायला नको असेल, फक्त कुणीतरी हसत नाहीये एवढंच पुरत असेल.