वाचकांचे प्रश्न : मुक्कामी आजारी पडलेला पायलट

विमान कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. सगळ्या पत्रांचा विषय एकच : घरापासून लांब, हॉटेलच्या खोलीत तब्येत बिघडली तर काय करायचं?

माझा मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. मागच्या महिन्यात नागपूरला मुक्कामी असताना त्याला सर्दी झाली. त्याने उड्डाण सोडलं, वर प्रवासी म्हणूनही विमानाने परत आला नाही. चार दिवस तिथेच पडून राहिला. सर्दीचं एवढं काय? प्रवासी तर शिंकत शिंकत बसतातच की. (एक आई, नाशिक)

तुमच्या मुलाने बरोबर तेच केलं. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. वर जाताना मध्यकर्णातली हवा फुगते आणि कानाला घशाशी जोडणाऱ्या बारीक नळीतून आपोआप बाहेर पडते. खरी अडचण उतरताना येते. आता हवा उलट आत यायला हवी आणि त्यासाठी ती नळी गिळण्याच्या किंवा जांभईच्या हालचालीने उघडावी लागते. सर्दीत नळीचं अस्तर सुजलेलं असतं, त्यामुळे ती उघडतच नाही.

आकड्यांत सांगायचं तर 8,000 फुटांवर हवेचा दाब सुमारे 565 मिलिमीटर पारा असतो, समुद्रसपाटीला 760. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक साधारण 90 मिलिमीटरवर गेला की घशाच्या स्नायूंचं बळ अपुरं पडतं. मग कितीही गिळा, नळी चिकटलेलीच राहते. पडदा आत ओढला जातो, रक्त साकळतं, कधी पडदा फाटतो. चक्करही येऊ शकते. कपाळातल्या सायनसचं तोंड बंद असेल तर भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखी कळ येते. केबिनचा दाब मिनिटाला तीन-पाचशे फुटांच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे दुखणं टिपेला पोचतं ते नेमकं धावपट्टीवर उतरण्याच्या तयारीत. प्रवाशाला कळ आली तर तो डोकं धरून बसतो. पायलटचे दोन्ही हात त्या वेळी कामात असतात.

प्रवासी म्हणून परत येतानाही केबिन तीच आणि दाबही तोच. म्हणूनच सर्दी झालेल्या पायलटला डीएचवर, म्हणजे प्रवाशाच्या सीटवर बसवून बेसला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मूळ विमानतळावर, आणायचं ठरलं तरी कान तपासूनच आणावं लागतं. तपासायची साधी रीत अशी : नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हळूच फुंकर मारायची. दोन्ही कानांत ‘टक्’ झालं तर रस्ता मोकळा आहे. एकाच कानात झालं तर थांबायचं. जोर लावून कान उघडायचा हट्ट धरू नये, त्याने आतल्या कानाला इजा होते. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला येणं हाही उपचारच आहे, पण कंपनीची तिकीट काढणारी माणसं तो पर्याय आपणहून सुचवत नाहीत. मागावा लागतो.

लेओव्हरवर, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामात, सर्दी-खोकला झाला की हॉटेलशेजारच्या मेडिकलमधून गोळी आणतो. कोणत्या गोळ्या चालतात आणि उड्डाणाआधी किती तास थांबायचं? (को-पायलट, पुणे)

आजारापेक्षा गोळीनेच घात होतो अशी उदाहरणं जास्त. काउंटरवर ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की हमखास मिळते ती तीन औषधांची मिसळ : पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. यातलं तिसरं झोप आणतं आणि ही झोप डोळ्यांवर दिसतेच असं नाही. माणसाला तरतरीत वाटतं, पण प्रतिसाद मंदावलेला असतो. म्हणून स्ट्रिपच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा.

अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) सर्वसाधारण नियम असा की दोन डोसांमध्ये जितकं अंतर सांगितलं असेल त्याच्या पाचपट वेळ शेवटच्या डोसनंतर जाऊ द्यायचा. त्यांच्या यादीत क्लोरफेनिरामिनला 5 दिवस, डायफेनहायड्रामिनला 60 तास आणि सेटिरिझिनला 48 तास दिले आहेत. आपल्याकडे सेटिरिझिन चण्याफुटाण्यासारखी खातात, ‘हिने झोप येत नाही’ अशी समजूतही आहे, ती सोडा. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन त्या मानाने चालतात, तीही आधी घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघितलेली असावीत. तुमच्यासाठी शेवटचा शब्द मात्र कंपनीच्या डॉक्टरांचा. त्यांना फोन करून मगच गोळी तोंडात टाका.

ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे नाकातले थेंब कान मोकळे करतात खरे, पण लागोपाठ तीन-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदतं. थेंबांचा असर उड्डाणात मध्येच उतरला तर अडकता ते उतरताना. त्यांच्या भरवशावर ड्यूटी करू नये. प्रवासी म्हणून घरी यायला वापरा.

आता ब्रेथ अ‍ॅनालायझर. 2023मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, नियमात स्पष्टच घातलं की अल्कोहोल असलेलं औषध, माउथवॉश किंवा टूथजेल क्रूने वापरायचं नाही, आणि तसं औषध चालू असेल तर उड्डाणाआधी कंपनीच्या डॉक्टरांना विचारायचं. यात आपल्या घरातल्या दोन गोष्टी येतात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पहिली, द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट. आसव-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यात अल्कोहोल असतंच. आईने प्रेमाने बॅगेत टाकलेली बाटली बाहेर काढा. दुसरी, होमिओपॅथीचे अल्कोहोलमधले थेंब. चाचणीत पहिल्यांदा दोषी ठरलात की लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं.

याशिवाय 31 जानेवारी 2022पासून मादक पदार्थांची अचानक तपासणी सुरू झाली आहे. त्यात ओपिएट्स आणि बेंझोडायझेपिन दोन्ही येतात. म्हणजे कोडीनचं खोकल्याचं सिरप आणि झोपेसाठी कुणीतरी दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी, दोन्ही उघडकीला येतात. दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी तर कोडीन, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन बरोबर नेण्याआधी तिथली परवानगी बघावी, नुसती चिठ्ठी पुरत नाही. तिथे खसखशीवरही बंदी आहे. दिवाळीत अनारसे नेणाऱ्यांनी ते घरीच संपवावेत.

रात्री अडीचला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सकाळी सहाला रिपोर्टिंग असेल तर आधी कुणाला कळवायचं? डॉक्टर येऊन जाईपर्यंत थांबलं तर चालेल का? (कॅप्टन, ठाणे)

थांबू नका. पहिला फोन क्रू कंट्रोलला (कंपनीत क्रूच्या ड्यूट्या लावणाऱ्या विभागाला), अडीचलाच. ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणत साडेपाचला फोन करणारा माणूस आपल्याबरोबर दीडशे-दोनशे प्रवाशांनाही अडकवतो. बेसवर स्टँडबायला कोण आहे, तो पहिल्या फ्लाइटने तुमच्या गावी पोचू शकतो का, की उड्डाणच पुढे ढकलायचं, हे ठरवायला त्यांना ते तीन-चार तास लागतातच. फोनवर एवढंच सांगा : त्रास किती वाजता सुरू झाला, ताप किती, काय घेतलं, खोली क्रमांक काय. फोन झाल्यावर त्याच मजकुराचा मेसेजही टाका, वेळ नोंदली जाते. मग बरोबरच्या क्रूला उठवा. रात्री एकाच ताटात जेवला असाल तर पहाटेपर्यंत आणखी कुणी आडवं झालेलं असतं, आणि ते ऑपरेशन्सला जितकं लवकर कळेल तितकं बरं.

डॉक्टर त्यानंतर. स्टेशन मॅनेजरकडे ठरलेल्या डॉक्टरांचा नंबर असतो. तोवर ओआरएस : पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात नव्हे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट घ्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. शौचातून रक्त जात असेल, ताप 39 अंश सेल्सिअसच्या वर असेल किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर खोलीत पडून न राहता हॉस्पिटल गाठा.

लोपेरामाइड घेऊन जुलाब थांबवायचे आणि ड्यूटी करायची, हा मोह फार जुना. गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, संसर्ग तसाच राहतो. मधेच कळ आली तर पायलटला उठून जाता येतं, पण त्यासाठी केबिन क्रूपैकी कुणाला तरी आत बोलवावं लागतं आणि उतरताना ती सोयही नसते. उड्डाणात पायलट अचानक अक्षम होण्याची कारणं तपासली तर पोटाच्या तक्रारी सगळ्यात वरच्या असतात, हृदयविकार नव्हे. आमचं मत असं की औषधाशिवाय पूर्ण एक दिवस नेहमीचं जेवण पचलं, मगच फिट म्हणा.

दोन्ही पायलट वेगवेगळं जेवतात हे खरं का? (वाचक, सांगली)

बहुतेक कंपन्यांमध्ये हो. फेब्रुवारी 1975मध्ये जपान एअरलाइन्सच्या अँकरेजहून कोपनहेगनला जाणाऱ्या विमानात हॅम-ऑम्लेट खाऊन सुमारे दोनशे माणसं आजारी पडली. आचाऱ्याच्या बोटावरच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस जिवाणू अन्नात गेले होते. पायलटांनी ते ऑम्लेट खाल्लं नव्हतं, कारण त्यांच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे ती नाश्त्याची वेळच नव्हती. नियमातली त्रुटी मात्र अशी की विमानात ताटं वेगळी असतात आणि आदल्या रात्री हॉटेलात दोघं एकच बिर्याणी वाटून खातात.

यजमान नैरोबीला जातात. परत आल्यावर आठवड्याने ताप आला तर? (वाचक, कल्याण)

त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, आणि डॉक्टरांना ‘आफ्रिकेत मुक्काम होता’ हे पहिलं वाक्य. डंख झाल्यापासून ताप यायला कमीत कमी आठवडा जातो, त्यामुळे आजार बऱ्याचदा घरीच उगवतो आणि ‘व्हायरल’ म्हणून सोडून दिला जातो. मलेरियाच्या तिथल्या फाल्सिपेरम जातीत दिवस वाया घालवणं जिवावर बेतू शकतं. प्रतिबंधक गोळ्यांपैकी मेफ्लोक्विन पायलटला वर्ज्य, कारण चक्कर आणि मानसिक परिणाम. अटोव्हाकोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना विचारा. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या 10 दिवस आधी, एकदाच. दाखला आता जन्मभर चालतो.

गोव्याच्या लेओव्हरवर स्कूबा केलं तर? (फर्स्ट ऑफिसर, मुंबई)

डेकोम्प्रेशनची, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायची, गरज नसलेल्या डाइव्हनंतर उड्डाणाआधी एफएए किमान 12 तास सांगते, तशी गरज असलेल्या डाइव्हनंतर 24. आम्ही सरसकट 24 धरायला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी असेल तर स्नॉर्कल लावून वरवरच पोहा, सिलिंडर पाठीवर घेऊ नका.